तुरीतले खडे

माझ्या धाकट्या भावाने मला फसवलं. वाशीमचं दुकान मी एकट्याने उभं केलं आणि त्याने ते गुपचूप आपल्या नावावर करून घेतलं.

तो राग डोक्यात घेऊन मी एकदा जऊळक्याच्या स्टेशनवर बसलो होतो. शेजारी एक म्हातारी विकायला नेत असलेली तूर पदरात घेऊन निवडत होती. मूठ डोळ्यांजवळ नेई, खडा वेचून रुळांकडे भिरकावी.

मला राहवलं नाही. “खडे कायले काढून राह्यली, मावशी? वजन कमी होते ना!”

“व्यापारी दिसतं बाप्पा तू,” ती हसली. मग खाली बघतच स्वतःचं सांगू लागली, “दिरानं माही विहीर हडपली. लय नवस केले, विहीर नाई भेटली.”

“मंग देव काय कामाचा?”

“दिराचं देव पाहीन. माह्या मनातली घान मलेच काढा लागते.”

मी फणकारून दुसऱ्या बाकावर गेलो.

त्याच आठवड्यात आजारी आईने आम्हा दोघा भावांना बोलावलं. दारात भावाच्या चपला दिसल्या आणि मी तसाच परत फिरलो. पहाटे ती गेली.

भावाचं देव पाहील. पण मरणाऱ्या आईच्या दारातून मी का फिरलो, त्याचा जाब मला माझ्याकडूनच हवा आहे.