आधी ड्रायव्हरच्या घरी

माल मुक्कामी पोचला की कुठलाही ट्रान्सपोर्टवाला पहिला फोन व्यापाऱ्याला लावतो. चाचा लावायचे ड्रायव्हरच्या घरी. "बेटी, गाडी पोची गयी. जेवी ले आते." शेठचा नंबर त्यानंतर.

नंदुरबारच्या मिरची बाजारात चाचांचं आणि माझं ऑफिस समोरासमोर. व्यापाऱ्याचा माल आणि मालकाची गाडी यांची गाठ घालून देणं, हाच दोघांचा धंदा. मी एसी बसवला, काचेचं दार लावलं, थंड पाण्याचं मशीन ठेवलं. ड्रायव्हर माझ्याकडचं पाणी प्यायचे आणि भाडं विचारायला समोर जायचे. मिरची भरायला एरवी कुणी धजत नाही, ठसक्यानं जीव जातो. पण चाचांनी हाक मारली की तेच लोक तोंडाला रुमाल बांधून हजर. माझा जळफळाट व्हायचा, खोटं कशाला बोलू? बाजारात माझं नावसुद्धा कुणी घेत नसे, मी 'चाचासमोरवाला'.

म्हटलं, एक फोनच ना, तो मलाही करता येतो. सारंगखेड्याच्या एका ड्रायव्हरची गाडी बंदरावर पोचली तेव्हा ऐटीत त्याच्या घरी लावला. "ताई, मी ट्रान्सपोर्टमधून बोलतोय. तुमच्या मिस्टरांची गाडी..." पुढचं ऐकायला ती थांबलीच नाही. रडारड सुरू, शेजारीपाजारी गोळा. ट्रान्सपोर्टवाला घरी फोन करतो तो एकाच बातमीसाठी, हे तिकडं सगळ्यांना ठाऊक. परत आल्यावर त्या ड्रायव्हरनं माझ्याकडचं पाणी पिणंही सोडलं.

चाचा हसले असते तर बरं झालं असतं. ते संध्याकाळी चहा घेऊन आले. "भाऊ, ईद-दिवाळीले बी फोन करत जाय. बाईले आवाज वळखीना व्हवाले पाहिजे. मंग कव्हय बी फोन वना तरी ती घाबरत नही." माणूस इतका भला असला की त्याच्यावर धड चिडताही येत नाही, हा आणखी एक ताप.

यंदा चाचा थकले आणि सुरतेला मुलीकडं राहायला गेले. जाताना माझा हात धरून म्हणाले, "आते समदा ड्रायव्हर तुन्हाच." मी वरवर हळहळलो; आतून उकळ्या फुटत होत्या. नंतर ते बंद शटर बघून करमेना, हे वेगळं.

परवा मी लावून दिलेली मिरचीची गाडी बंदरावर पोचली. ड्रायव्हरनं कळवल्याबरोबर शेठला बाजूला ठेवून मी आधी त्याच्या घरी फोन लावला. दिवाळीला बोलून आवाज ओळखीचा करून ठेवला होता. बाई अजिबात घाबरली नाही.

"हां भाऊ, माहीत शे," ती म्हणाली. "सुरतथीन चाचाना फोन ई गया मघाशीच. मन्हं जेवन बी हुई गयं."