उरलेल्या देवळातली आजी

महाडचा वीरेश्वर आणि चवदार तळे पाहून मी पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या एका जुन्या देवीच्या देवळात गेलो. काही वर्षांपूर्वी दरडीखाली तिथली सगळी वाडी गाडली गेली, देऊळ तेवढं उरलं.

आत एक म्हातारी पदराने देवीचा चेहरा पुसत होती. तिचा मुलगा आणि सून त्याच दरडीत गेले, हे तिनेच सांगितलं. आता खालच्या नव्या वस्तीतून ती रोज चढून येते.

मला राहवलं नाही. "आजी, देवीचा राग नाही येत?"

"येतो ना. रोज भांडते तिच्याशी." समईची वात सारखी करत ती हळू आवाजात म्हणाली, "पन सगली वाडी गेली रे. तिला तरी आता कोन हाय?"

मी हात जोडले खरे, पण मला काही मागवेना.