भिंगापुढचा हात

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी रिसोडच्या माझ्या मामांचं नाव घेईन. आणि अख्ख्या वाशिम जिल्ह्यात सर्वांत लवकर कोण चिडतं, असं विचारलं तरी मामांचंच. जऊळक्याच्या आमच्या घरातलं आधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मामांनी मला आपल्या घरी ठेवून घेतलं, प्रवेशाच्या रांगेत माझ्याआधी स्वतः उभे राहिले आणि मी पदवीधर झालो तेव्हा धान्यबाजारात ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना पेढे वाटत हिंडले.

मामांनी उभी हयात टॉकीजमध्ये सिनेमाची मशीन चालवली. आता त्या टॉकीजचं सोयाबीनचं गोदाम झालंय, पण मामा मनानं अजून मशीनच्या खोलीतच आहेत. त्यातही विनोदी हेरपट म्हणजे त्यांचा जीव. नायकानं मिशी चिकटवली की सख्खी आईसुद्धा त्याला ओळखत नाही आणि खलनायक त्याला खुर्चीला बांधून आपला सगळा बेत निवांतपणे समजावून सांगतो, असे ते सिनेमे. मामा एसटीत काळा चष्मा लावून शेवटच्या सीटवर बसतात आणि कुठं उतरायचं ते कंडक्टरच्या कानात सांगतात. एका लग्नात त्यांना नवरदेवाच्या चुलत्याची मिशी संशयास्पद वाटली. खरी आहे, असं तो शपथेवर सांगत असतानाही त्यांनी ती ओढून पाहिली. आम्ही सगळे न जेवताच परतलो. मामी म्हणते, "यायले देशाचे दुश्मन दिसतेत, घरातलं सरलेलं मीठ नाई दिसत."

पुढे मी प्राध्यापक झालो आणि कॉलेजच्या वार्षिक अंकात लेख लिहिला, की हे जुने हेरपट आज पाहवत नाहीत, सगळे शिळे झालेत. विशेषतः तिरळ्या माणसाची त्यात केलेली टिंगल मला फार सलली होती. कौतुकाच्या आशेनं अंक मीच मामांच्या हाती दिला. त्यांनी प्रत्येक ओळीखाली बोट फिरवत तो वाचला.

"कुठी पाह्यले हे सिनेमे?"

"मोबाइलवर."

"एकल्यानंच?"

"हो."

"मंग तुवा सिनेमा नाई पाह्यला, भाचेबुवा. तू पेपर तपासून राह्यला होता. मी मशीनच्या खिडकीतून पडदा कमी अन् लोकं जास्त पाह्यले. दिवसभर पोते उचलून आलेला माणूस पोट धरून हसे. शिळं म्हणते! ते काय कालचं वरन आहे?"

मलाही राग आला. माझा मुद्दा खरा होता आणि तो मी अभ्यास करून मांडला होता. मी म्हणालो, "मामा, तिरळ्या माणसाला हसलेलं तुम्हाला चालतं?"

मामांनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं आणि उठून आत गेले. त्या घरातून मी पहिल्यांदाच चहा न घेता निघालो. दर रविवारी येणारा त्यांचा फोनही बंद झाला. महिना गेला, दुसरा लागला. शेवटी मामीनंच फोन केला.

"तुले काई मालूम नाई, बाप्पा. टॉकीजच्या दारात तिकिटं फाडणारा तुह्या मामाचा दोस्त तिरळा होता. तो टिंगलीचा सीन आला का हे मशीनच्या भिंगापुढं हात धरत. पडदा काळा. लोकं शिव्या देत, मालक धावत वर ये. हे म्हणत, रीळच खराब आलं. दोस्त मरेपर्यंत यायनं त्याले हे सांगतलं नाई. अन् तू त्यायलेच इचारतं, चालते का म्हणून."

फोनवर बोलायची माझी हिंमत झाली नाही. मी पत्र लिहिलं:

"आदरणीय मामा, जयभीम. लेखात मी अर्धा चुकलो. त्या माणसाची टिंगल आज वाईट झालेली नाही, ती तेव्हाही वाईटच होती, आणि हे तुम्हाला कॉलेजात न जाता माझ्याआधी कळलं होतं. बाकीच्या सिनेमाबद्दल आता मला खात्री नाही, कारण ते मी एकट्यानंच पाहिले होते. येत्या रविवारी भिंतीवर सिनेमा दाखवायचं यंत्र मागून आणतो. गल्लीतल्या सगळ्यांना बोलवा, मामीला पुढं बसवा, आणि दारातली एक खुर्ची मोकळी ठेवा. तो सीन आला की भिंगापुढं हात तुम्हीच धरा. मला अजून ती वेळ साधणार नाही.

तुमचा भाचा."