शिवणताईची खुर्ची

माझ्या रोजनिशीत त्या महिन्याच्या नऊ तारखेला अशी नोंद आहे: "दुपारी चार वाजून दहा मिनिटे. काचेच्या कपाटातले कप आपोआप किणकिणले. पंखा बंद होता. चार अठरा, फक्त चमचे. चार एकतीस, कप, बशा आणि खिडकीची काच. काच बराच वेळ." दहा तारखेला पुन्हा तेच, त्याच मिनिटांना. अकरालाही तेच.

रोज पाच ओळी लिहायची सवय मला शाळेतल्या सिस्टरांनी लावली, ती साठ वर्षांत सुटली नाही. हे होते तेव्हा म्हणायचे, "आपल्या घरात डास चावला तरी त्याची तारीख सापडते." डासाचं राहू दे, पण सोळा तारखेपर्यंत माझ्याकडे आठ दिवसांच्या चोवीस नोंदी झाल्या आणि एकही मिनिट इकडचं तिकडे नव्हतं. भिंतीला भोकं पाडणारा माणूस इतका वक्तशीर नसतो. त्रास वरून येत होता एवढं नक्की. मी सोसायटीच्या सेक्रेटरींच्या नावे तक्रारअर्ज लिहिला, सुवाच्य अक्षरात, समास सोडून. पण शेजाऱ्याला न सांगता त्याची तक्रार करणं बरं दिसत नाही, म्हणून रोजनिशी काखेत मारून जिना चढले.

वर राहतो तो सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करणारा. बिल्डिंगमधली मुलं त्याला कुशनदादा म्हणतात, म्हणून आम्हीही. घरात तो, त्याची बायको आणि त्याची थोरली बहीण. ही बहीण म्हणजे शिवणताई. सोफ्यांची कव्हरं तीच शिवते. मला लिहायचं आहे ते तिच्याबद्दल.

शिवणताई जन्मापासून ठार बहिरी. मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेत सहा वर्षं गेली, तिथे लिहायला-वाचायला शिकली आणि मग वडिलांच्या दुकानात मशीनवर बसली ती आज एकसष्ट वर्षांची होईपर्यंत. तिला काही सांगायचं असलं की कापडावर खुणा करायच्या खडूने मांडीवरच्या कव्हरावरच लिहिते. वाचून झालं की हाताने झटकते. तिचं बोलणं असं दिवसभर धूळ होऊन उडत असतं. अक्षर मात्र मोत्यासारखं, आणि वाक्य कधी चार शब्दांच्या पुढे जात नाही.

तिच्या हातांबद्दल मी पूर्वी ऐकलं होतं, पण खरं मानलं नव्हतं. मशीनच्या डोक्यावर दोन बोटं ठेवून पट्टा उद्या तुटणार की परवा, हे ती सांगते म्हणे. मग एकदा मी उशीचे अभ्रे शिवायला द्यायला गेले. दार उघडंच होतं, ती दाराकडे पाठ करून बसली होती. मी दोन पावलं आत टाकली, तर मान न वळवता तिने कापडावर लिहिलं, "काकू, डावा गुडघा?" तो गुडघा आदल्या रात्रीपासून ठणकत होता आणि मी कुणाला बोलले नव्हते. माझं पाऊल जमिनीतून, स्टुलाच्या पायातून तिच्यापर्यंत पोचलं होतं. त्या दिवशीची माझी नोंद पाच ओळींऐवजी दीड पान आहे.

तर सोळा तारखेला मी वर गेले. बैठकीच्या खोलीत पाहते तो तीन खुर्च्या, थेटरातल्या, लोखंडी पायांच्या, बसकी वर उचलल्या जाणाऱ्या. समोर भलामोठा टीव्ही. कुशनदादा एका खुर्चीखाली उताणा पडला होता, नुसते पाय बाहेर.

"कोण आहे? दूधवाला असेल तर पिशवी खुंटीला लाव," तो खालून म्हणाला.

"मी आहे, खालची. आणि माझे कप तुझ्यामुळे फुटायचे बाकी आहेत."

तो घाईने उठायला गेला आणि कपाळ खुर्चीवर आपटलं. आतून त्याची बायको आली. "काकू, रागवा तुम्ही, चांगलं रागवा. आमचं कोण ऐकतं? जेवायला बोलावलं तरी खुर्चीखालून उत्तर येतं."

मग त्याने कपाळ चोळत सगळं सांगितलं.

त्यांच्या वडिलांकडे गावातल्या मोठ्या थेटराच्या खुर्च्या दुरुस्त करायचं काम होतं. मालक त्याबदल्यात दोन्ही भावंडांना दुपारी चारच्या खेळाला पहिल्या रांगेत बसवायचा. पहिली रांग म्हणजे मान मोडायची जागा, कुणी तिकीट काढून बसत नसे. पण पडद्यामागचे मोठाले भोंगे तिथून हाताच्या अंतरावर. बहिऱ्या मुलीला भाऊ सोबत म्हणून न्यायचा, आणि एके दिवशी त्याने पाहिलं की ही खुर्चीच्या लाकडी हातांवर तळवे दाबून बसली आहे आणि रडते आहे. पडद्यावर तर विनोदी प्रसंग चालला होता. घरी येऊन तिने पाटीवर लिहिलं, "खुर्ची बोलते." तेव्हापासून जवळजवळ चाळीस वर्षं ती दर शनिवारी चारच्या खेळाला गेली. सात वर्षांपूर्वी थेटर बंद पडलं. घरच्या टीव्हीसमोर ती एकदाच बसली आणि "मासे," असं लिहून उठली. काचेच्या पेटीत मासे तोंड उघडतात आणि मिटतात, तसं तिला ते दिसलं. त्यानंतर तिने सिनेमा पाहिला नाही. घरचे सगळे टीव्ही बघत असले की ती मशीनवर जाऊन बसते, काम असो वा नसो.

"थेटर पाडायला काढलं तेव्हा पहिल्या रांगेतल्या या तीन खुर्च्या मी मागून आणल्या," कुशनदादा म्हणाला. "मधली तिची. आणि हे बघा."

त्याने बसकीखाली बसवलेली वस्तू दाखवली. लोखंडी, गोल, मसाल्याच्या डब्याच्या झाकणाएवढी, पण हातात घेतली तर मनगट खाली जाईल इतकी जड. स्पीकर दुरुस्त करणाऱ्या मित्राने दिली होती. तिला स्पीकरसारखा कागदाचा पडदा नसतो, त्यामुळे ती आवाज काढत नाही. सिनेमातला ढोलासारखा खालचा आवाज तेवढा घेते आणि ज्याला आवळली असेल त्याला हलवते. एवढंच काम. मी हात लावला. थंडगार, मुकी वस्तू.

"मग अडतं कुठे?"

"तिलाच विचारा. रोज चारला हाच एक सिनेमा लावतो, थेटरासारखं ठोक्यावर. रोज ती बसते, दोन मिनिटं माझं मन राखते आणि उठते. मी आपला खालून स्क्रू पिळत पुढचा सिनेमा ऐकतो."

शिवणताई दारात येऊन उभी होती. मांडीवर कापड नव्हतं, म्हणून तिने भावाच्या काळ्या पँटच्या गुडघ्यावरच लिहिलं, "खड्ड्यातली बस."

"आवाज आणखी वाढवला तरी बसच?" भावाने ओठ हलवून विचारलं.

तिने दुसऱ्या गुडघ्यावर लिहिलं, "मोठी बस."

मला हसू आलं, पण तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. रोज चार वाजता ती आशेने त्या खुर्चीत बसत होती, आणि रोज दोन मिनिटांत आशा सोडत होती. भावाने हलक्या आवाजात सांगितलं, "कालच म्हणाली, काढून टाक हे. खुर्चीपण देऊन टाक कुणाला तरी. तिला बघवत नाही ती. आजचा शेवटचा दिवस मागून घेतलाय मी."

अशा वेळी तक्रार कशी करायची? पण आणलीच होती म्हणून मी रोजनिशी उघडून नोंदी वाचल्या. त्याचा चेहरा पडला. "काढतो काकू. आजच काढतो. तुम्हाला त्रास नको."

शिवणताईने माझ्या हातातून वही घेतली. ओळींवरून बोट फिरवत वाचलं. मग मागचं पान, मग त्याच्या मागचं. कप, चमचे, काच. कप, चमचे, काच. तिने वही भावाच्या नाकासमोर धरली आणि पहिल्या वेळेवर बोट आपटलं.

"चार दहा?" तो आठवू लागला. "चार दहाला... घोडे. घोडेस्वार दौडत येतात."

बोट पुढे सरकलं.

"चार अठराला बोटीचं इंजिन. चार एकतीसला धरण फुटतं."

तिने भिंतीला टेकवलेलं निळं कव्हर ओढलं आणि जमिनीवर पसरून मोठ्या अक्षरात लिहिलं, "काकूंना तीन वेगळे कळले." त्याखाली, "मला सगळं एकच."

आम्ही तिघेही ते वाचत उभे राहिलो. मी आठ दिवस कपाळाला आठ्या घालून जे लिहीत होते, तो तिचा सिनेमा होता. वरच्या खुर्चीतून निसटून तो माझ्या कपाटात उतरत होता, आणि माझ्या कपांना त्याचं काही नव्हतं.

ती गुडघ्यांवर बसली. खुर्चीच्या पायाशी फरशीवर तळहात ठेवून भावाला खूण केली, लाव. सिनेमा सुरू झाला. हात फरशीवर, मग पायाच्या पत्र्यावर, मग तो पत्रा फरशीला जिथे आवळला होता त्या बोल्टांवर. तिथे हात थांबला. डोळे मिटलेले. तिने बोल्टावर टिचकी मारली आणि भावाकडे असं पाहिलं की मीच ओशाळले.

"अगं ताई, खुर्च्या आवळायच्याच असतात!" तो म्हणाला. "आयुष्यभर आवळल्यात मी. थेटरातली एक खुर्ची सुटी दाखव!"

तिने लिहिलं, "तिथे खाली लाकूड."

कुशनदादा मटकन खाली बसला. थेटरातल्या पहिल्या रांगेखाली पोकळ लाकडी चौथरा होता. तो चौथराच डोलायचा, म्हणून खुर्ची बोलायची. इथे त्याने सवयीने, कारागिराच्या अभिमानाने, बारा बोल्ट थेट स्लॅबमध्ये ठोकले होते. बारीकसारीक जे होतं ते सगळं स्लॅब गिळत होता आणि माझ्याकडे पाठवत होता. त्याने जोर वाढवला की तिच्या वाट्याला नुसता हादरा. वर बहिणीला टोचू नये म्हणून बसकीत चार इंच नवा फोम भरलेला. तो तिने बोटाने दाबून दाखवला आणि नाक मुरडलं.

"लाडाने भरला होता गं," तो म्हणाला.

पुढचे पाच दिवस वर सुताराचं काम चाललं. त्याने फळ्यांचा पोकळ चौथरा केला, खाली चारी कोपऱ्यांना आणि मध्ये जाड रबराचे ठोकळे. खुर्च्या त्या लाकडाला आवळल्या. फोम काढून जुन्यासारखी काथ्याची पातळ गादी घातली. ती जड लोखंडी वस्तू बसकीच्या लाकडी चौकटीला घट्ट बसवली. तक्रारअर्ज मी रोजनिशीतच ठेवला, फाडला नाही. मी कागद फाडत नाही.

बावीस तारखेला, चार वाजता, मी माझ्या कपाटासमोर स्टूल घेऊन बसले. चार दहा. कप गप्प. चार अठरा, चमचे गप्प. चार एकतीसला मी खिडकीच्या काचेला बोट लावलं. काही नाही. मग माझ्या मनात आलं, धरण फुटलं की नाही? की ताई उठून गेली आणि सिनेमाच बंद केला? गुडघ्याची पर्वा न करता मी वर धावले म्हणायला हरकत नाही.

खोलीत पडदे ओढलेले. शिवणताई मधल्या खुर्चीत होती. तळवे लाकडी हातांवर, डोळे मिटलेले. आवाज कमी-जास्त करायचं बटण आता तिच्या मांडीवर होतं, आणि तिने ते किती खाली आणलं होतं! भावाने इतके दिवस कानाने जुळवलं, ते तिने पाव भागावर आणून ठेवलं होतं. तिच्या डावीकडे तो, उजवीकडची खुर्ची रिकामी. त्याच्या बायकोने मला तिथे बसवलं आणि कापसाचे दोन बोळे हातात दिले. "कानात घाला काकू. आम्ही पण घातले. त्याशिवाय कळत नाही."

मी बोळे घातले, डोळेही मिटले. जग मिटलं. सुरुवातीला काहीच नाही, फक्त माझंच हृदय. मग पाठीच्या मणक्याशी कुणीतरी अगदी हलकं बोट ठेवावं तसं. डोळे उघडले तर पडद्यावर एक म्हातारा रिकाम्या घरात चालत होता. त्याचं एकेक पाऊल मला येत होतं. एक जड, एक हलकं. माणूस लंगडा होता, आणि ते मला डोळ्यांच्या आधी पाठीने सांगितलं. दार लागलं ते मांडीत. लांबवर ढग वाजले ते तळपायातून वर चढत छातीशी येऊन विरले.

शाळेच्या चॅपेलमध्ये मोठा ऑर्गन होता. त्याचा सर्वांत खालचा सूर लागला की आमचं बाक थरथरायचं. मी सात वर्षांची होते, मला वाटायचं हेच देवाचं येणं. सिस्टरांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "बाकावर नीट बस." सत्तर वर्षांनी मी पुन्हा त्या बाकावर होते. माझ्या शेजारी बसलेली बाई जन्मभर तिथेच राहत होती, आणि मी तिच्याबद्दल बिचारी असा शब्द रोजनिशीत तीनदा वापरला आहे. नंतर शोधून मोजला.

कुशनदादा पडदा पाहत नव्हता. तो भिंतीवरचं घड्याळ आणि बहीण, घड्याळ आणि बहीण असं पाहत होता. दोन मिनिटांची बाई पन्नास मिनिटं बसली होती. तरीही त्याचा विश्वास बसत नसावा. कुठल्याही क्षणी ती उठेल या धास्तीने त्याचा उजवा पाय त्याच्याही नकळत थडथड हलत होता.

शिवणताईच्या कपाळावर आठी पडली. तिने एक तळवा उचलला. भावाचं तोंड एवढंसं झालं. मला वाटलं, संपलं. तिने डोळे उघडले, खिशातून खडू काढला आणि खुर्चीच्या काळ्या लाकडी हातावर, त्याला दिसेल असं लिहिलं:

"पाय हलवू नकोस. तो सिनेमात नाही."

त्याने वाचलं. मग त्या अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाने दोन्ही पाय उचलून खुर्चीवर मांडी घातली, आणि खेळ संपेपर्यंत श्वासही जपून घेत तसाच बसून राहिला. ताईने अक्षरं झटकली, तळवा परत लाकडावर ठेवला, डोळे मिटले.