पेंटरचाचांचे लाल गोल

पेंटरचाचा माणसाच्या तोंडाकडे बघतच नसत. त्यांची नजर पायांवर, आणि गाडी असली तर चाकांवर. केनवडच्या वाटेवर आमच्या शाळेजवळ फाटा आहे. तिथल्या टपरीत ते ट्रॉल्यांवर नावं रंगवत. मी नवे बूट घालून ऐटीत गेलो, की मान वर न करता म्हणत, "मास्तर, डावी टाच घासून राह्यली."

त्या फाट्यावर तीन रस्ते मिळतात आणि गतिरोधक एकही नाही. गाड्या कोपरा कापून वळत, नेमक्या पोरी उभ्या राहतात तिथून. एका सकाळी सातवीतली नसरीन मोटारसायकलच्या धक्क्यानं पडली. खरचटण्यावर निभावलं, पण पलीकडच्या वस्तीतल्या आयांनी मला बजावलं, की हे असंच राहिलं तर दिवाळीनंतर पोरी शाळेत येणार नाहीत.

गाड्या हळू व्हाव्यात म्हणून परदेशात रंगवलेले चौक मी मोबाइलवर पाहिले होते. झालं, अंगात आलं! परवानगी काढली आणि चाचांना म्हटलं, मधोमध भला थोरला सूर्य काढा. लाल गोल, आत पिवळा. ते म्हणाले, आधी दोन दिवस चाकं पाहू द्या. मला कुठला धीर! चित्रकलेची परीक्षा पास असल्याचं ऐकवून रविवारी तो सूर्य मीच रंगवला.

सोमवारी चहाचा कप घेऊन कौतुक बघायला उभा राहिलो. पहिला ट्रक आला, सूर्य पाहून बिचकला आणि थेट कोपऱ्यात घुसला. मागची जीपही तशीच. मी चहासकट नालीत. एका मोटारसायकलवाल्यानं तर सूर्याला हात जोडून वळसा घेतला, तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे नजर उतरवलेलं लिंबू, हळदकुंकू तिवाट्यावर टाकतात. तो उतारा ओलांडायची कोणाची छाती नाही. मी शिकलासवरला मास्तर, बैलगाडीएवढा उतारा रस्त्यात मांडून सगळी वाहतूक पोरींच्या अंगावर घातली होती!

तोंड लपवत टपरीत गेलो आणि पुसून टाका म्हणालो. चाचा पोट धरून हसत होते.

"पुसता कायले? दवा जालीम हाय. जागा तेवढी चुकली."

मी अंधश्रद्धेवर दोन शब्द बोलायला लागलो. त्यांनी रंगाचा डबा माझ्या हातात दिला.

"डायवर भेवो नाई त भक्ती करो. चाक कोपऱ्यात नाई आलं पायजे."

मधला सूर्य त्यांनी काळ्या रंगानं झाकला आणि तिन्ही कोपऱ्यांवर, पोरींच्या पुढ्यात, लाल-पिवळ्या गोलांच्या रांगा काढल्या. दुसऱ्या दिवशी एसटी आली, दबकली आणि कोपरा सोडून मधून ऐसपैस वळली. तिच्यामागे ट्रक, तोही तसाच! मी टाळ्या पिटत नाचलो; पोरी मलाच बघायला जमल्या. दिवाळीनंतर नसरीन आली, तिच्यामागे वस्तीतली एकूण एक पोरगी आली.

गेल्या उन्हाळ्यात चाचा गेले. पावसाळ्यानं गोल धुऊन टाकले. मी विचारात पडलो, तोवर एका रविवारी त्याच आया रंग घेऊन फाट्यावर हजर. मला ब्रश कोणी दिला नाही. गाड्या थांबवायला लाल फडकं दिलं. कोपरे झाल्यावर उरलेल्या रंगात नसरीनच्या अम्मीनं एक गोल चाचांच्या बंद टपरीसमोर काढला. तिथून कोणीच रस्ता ओलांडत नाही. पण गाड्या तिथंही हळू होतात आणि अदबीनं वळून जातात.