राऊटरची वामकुक्षी

आमचं काम घरोघरी इंटरनेट जोडायचं. तळेगावपासून लोणावळ्यापर्यंत मी आणि सलीमभाई, एक मोटरसायकल, एक शिडी. संध्याकाळी घरी येतो तेव्हा पिशवीत तारेचे तुकडे आणि डोक्यात किस्से. तुकडे तरी टाकून देता येतात, किश्श्यांचं काय करायचं?

* * *

तळेगावच्या सोसायटीतले एक काका. राऊटर बसवला आणि दुसऱ्याच दिवशी तक्रार, हॉलमध्ये वायफाय येत नाही. जाऊन बघतो तर राऊटर लोखंडी कपाटात!

"महागाची वस्तू, उघड्यावर ठेवू?"

"काका, राऊटर म्हणजे दिवा. कपाटात लावलात तर उजेडही कपाटातच राहणार."

पटलं त्यांना. पुढच्या खेपेला राऊटर देवघरात, समईशेजारी. तिथून रेंज मात्र घरभर झकास.

* * *

नवलाख उंबरे गावातल्या एका छोट्या कारखान्याचं ऑफिस. दसऱ्यानंतर निम्मे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलेनात. सगळ्यांच्या वायरी जिथे एकत्र येतात आणि ज्याचा निरोप त्यालाच पोचवला जातो, तो डबा म्हणजे स्विच. खंडेनवमीला यंत्रांबरोबर त्याचीही पूजा झालेली. वायरी काढून, भोकाभोकात हळद-कुंकू!

"सगळ्यात जास्त राबतो तोच ना?" ऑफिसातल्या जाधवबाई म्हणाल्या.

सलीमभाई ब्रश घेऊन कुंकू काढत बसले. पुढच्या दसऱ्याला स्वतःच गेले आणि झाकणावर झेंडूचं एक फूल ठेवून आले. "झाली पूजा. आता कुणी हात लावू नका."

* * *

त्याच ऑफिसात पुन्हा सगळं ठप्प. एका वायरची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये. निघालेला निरोप फिरून परत दारात, पुन्हा निघाला, पुन्हा दारात. त्या गर्दीत बाकीचे अडकलेले.

"टोक नुसतं लोंबकळत होतं हो," जाधवबाई म्हणाल्या. "बरं दिसत नव्हतं."

* * *

लोणावळ्याजवळच्या कुरवंडे गावातल्या हिराबाई मावशींच्या सुनेला, कोमलला, पुण्याच्या कंपनीत घरून करायची नोकरी लागली. नेट टिकलं तरच पक्की. नाही तर मुलगा, सून, नात, सगळं बिऱ्हाड पुण्याला. आणि रोज दुपारी नेट जायचं! दोनदा जाऊन आलो, दोष सापडेना. मग जेवायच्या वेळी गेलो, तर मावशी राऊटरचं बटण बंद करताना सापडल्या.

"सून जेवाया उठली की बंद करते. सकाळधरनं राबतंय, वाईच इसावा नगं?"

कोमल परत बसायची तेव्हा राऊटर जेमतेम जागा होत असायचा. मी समजावलं, तो दमत नाही. जपायची ती ही तार. आत केसाएवढी काच आहे, तिच्यातून उजेड पळतो, त्यावर कोमलचं सगळं काम. मुडपली की संपलं.

मावशींनी तारेवरून हलकेच बोट फिरवलं. "काच हाय व्हय," त्या म्हणाल्या.

* * *

कोमलची नोकरी पक्की करायची मीटिंग होती, नेमकी त्याच सकाळी वाऱ्याने तार खांबावरून सुटून रस्त्यावर आली. मावशींच्या शेजाऱ्याचा फोन आला, तसेच निघालो. मावशींच्या घरासमोर फिरायला आलेल्यांच्या गाड्यांची रांग. मधोमध मावशी, आंबे उतरवायच्या काठीवर तार उचलून धरलेली. खालून गाडी सहज गेली असती, पण त्यांनी एकही सोडली नव्हती. मी काठीकडे हात पुढे केला.

"मावशी, द्या, मी धरतो."

"नगं. हात बदलताना हिसका बसंल."

मागून कुणी तरी हॉर्न वाजवला. मावशी वळल्या नाहीत. "गप रं बाबा. सून मीटिंगला बसलीया."

पुढच्या गाडीने इंजिन बंद केलं. मग मागच्या सगळ्यांनी. रस्ता शांत झाला आणि खिडकीतून कोमलचा आवाज आला, "नाही सर, इथे नेटचा काहीच प्रॉब्लेम नाही."