बाई काय म्हणाल्या

हे मी मागच्या महिन्यापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही.

बाबा उलव्याला बिल्डिंगच्या कामावर असताना वरून पडले आणि कायमचे अंथरुणाला खिळले. तेव्हापासून घर आईच्या टोपलीवर. पहाटे बंदरावरून मासळी उचलायची आणि खांदा कॉलनीत दारोदार फिरायचं. तिला एकटीला झेपत नव्हतं. आम्ही दोघी बहिणी — मी दहावीत, वनिता आठवीत. एकीला शाळा सोडावी लागणार, हे न बोलताच ठरलं होतं. कुणी सोडायची, एवढंच राहिलं होतं.

त्यातच वनिताच्या वर्गाची पालकसभा आली. आई धंदा सोडून जाणार कशी? तिची पालक म्हणून मीच गेले. आमच्याकडे हे नेहमीचंच. बाई म्हणाल्या, "आईला सांग, ही तुझ्याही पुढे जाईल. काही झालं तरी हिला शिकवा."

तुझ्याही पुढे — हेच डोक्यात घेऊन घरी आले. आनंद झाला असेल, असं वाटतं ना तुम्हाला? नाही. मला ती टोपली माझ्या डोक्यावर दिसायला लागली.

आई मांदेली निवडत होती. वनिता शेजारीच. "बाई काय बोलल्या गो?"

आणि मी — हो, मीच, तिच्या तोंडावर — म्हटलं, "हिचं डोकं नाय चालत. उगाच शिकवू नका, बोलल्या."

वनिता रडली नाही. "खरंच, ताय?" एवढंच. मी हो म्हटलं. दुसऱ्या पहाटे ती आईबरोबर बंदरावर गेली.

पुढे बाजारातल्या बायकांनी बचत गट काढला, तिला अध्यक्ष करत होत्या. "माझं डोकं नाय चालत, दुसरी बघा." मी तिला मोबाईलवर पैसे घ्यायला शिकवायला गेले, तर हात मागे. तेच उत्तर. आणि मी? मी प्रत्येक परीक्षेला बसताना स्वतःला हुशार समजत होते. घरात दुसरी हुशार मी ठेवलीच कुठे होती?

मागच्या महिन्यात तिची मुलगी नववीत गणितात नापास झाली. वनिता तिला म्हणाली, "रडू नको. माझ्यावर गेलीस. आपलं डोकंच नाय चालत, त्याला काय करायचं? बस झाली शाळा."

पोरीनं माझ्याकडे बघितलं. ती नजर मी ओळखते. मग मात्र — मी सगळं सांगितलं. बाई काय म्हणाल्या, मी काय म्हणाले, का म्हणाले. रडून सांगितलं, शपथा घेतल्या.

वनिता हसली. माझे डोळे पुसले तिनं. "किती चांगली हायस ग ताय. पोरीची शाळा वाचवायला स्वतःवर एवढं घेतेस?"

आई आता नाही. बाईही नाहीत. खरं काय ते सांगणारी मी एकटीच उरले, आणि ते माझ्या तोंडून तिला पटत नाही.

पोर आता तिच्या शेजारी बाजारात बसते.

मी बी.कॉम. झाले. आमच्या घराण्यातली पहिली.